सीना-चाप आणि मंद आच

रमजानच्या दिवसातली सगळ्यांत अवघड वेळ कोणती, असे घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारले तर ती पहाटेची सेहरी सांगणार नाही. असरच्या नमाजपासून मगरिबच्या अजानपर्यंतचे दीड-दोन तास, हेच तिचे उत्तर असेल. घोटभर पाणी पोटात जाऊन दहा-बारा तास उलटलेले असतात. भजी तळायची, फळे कापायची, सरबत करायचे आणि बाजूच्या शेगडीवर कुकर शिट्ट्या देत असतो. त्यात चवही बघायची सोय नाही. गरजच असेल तर जिभेच्या टोकावर मीठ पाहून थुंकून टाकण्याची मुभा धर्मशास्त्राने दिली आहे, पण बहुतेक जणी ती घेत नाहीत. वर्षानुवर्षांच्या अंदाजावर भागवतात. नोकरी करणारी बाई तर नेमकी याच वेळी घराचा उंबरा ओलांडत असते.

अशा घरांत अलीकडे स्लो कुकर नावाचे विजेचे भांडे दिसू लागले आहे. जाड चिनी मातीचे भांडे, त्याभोवती मंद तापणारी तार आणि वर काचेचे झाकण, इतकेच ते यंत्र. वीज लागते साधारण 200 ते 250 वॅट, म्हणजे जुन्या पद्धतीचे दोन-तीन पिवळे बल्ब जळावेत तेवढी. अनेकांना हा श्रीमंती चोचला वाटतो. पण बोकडाचा सीना आणि चाप, म्हणजे छातीचा भाग आणि बरगड्या, शिजवायला याच्याइतके योग्य भांडे क्वचितच असेल.

बरगडीचे मांस चिवट असते ते हाडाला धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्यांमुळे. हे पडदे कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे असतात. साधारण 70 अंशांच्या पुढे ते हळूहळू विरघळून त्याचे जिलेटिन होते. पायाचा रस्सा बोटांना चिकटतो तो यामुळेच. प्रेशर कुकरमध्ये पारा 120 अंशांच्या आसपास जातो. तिथे हे काम अर्ध्या तासात उरकते खरे, पण मांसाच्या धाग्यातले पाणीही पिळून निघते. मग रस्सा छान आणि बोटी कोरडी, असा प्रकार होतो. मंद आचेवर पाच-सहा तास गेले की हाड अलगद सुटते आणि मांस ओलसर राहते. इथे कच्ची पपई लावू नये. इतक्या वेळात मांसाचा लगदा होईल.

किलोभर सीना-चाप धुऊन, निथळून घ्यावे. हळद, मीठ आणि दोन चमचे आले-लसणाची गोळी लावून तासभर ठेवावे. तीन मोठे कांदे उभे चिरून तेलात लालसर तळावेत आणि त्याच तेलात चापा दोन्ही बाजूंनी परतून घ्याव्यात. ही दहा मिनिटे वाचवण्याचा मोह टाळावा, कारण स्लो कुकर मांस शिजवतो, खरपूस करत नाही. मग सगळे भांड्यात घालून लाल तिखट, धणे पूड, दोन वेलदोडे, चार लवंगा, दालचिनीचा तुकडा आणि जेमतेम अर्धी वाटी गरम पाणी. इथेच बहुतेकांचा हात चुकतो. झाकणाखालची वाफ बाहेर जात नाही आणि मांसालाही पाणी सुटते, त्यामुळे नेहमीइतके पाणी घातले तर चापा रश्श्यात पोहू लागतात. पहिला तास मोठ्या आचेवर, पुढचे पाच तास लहान. मध्ये झाकण उघडून बघू नये; प्रत्येक वेळी वीस-तीस मिनिटे वाढतात. घोटलेले दही शेवटच्या अर्ध्या तासात घालावे, आधी घातले तर फाटते. मीठ बेताचेच असू द्यावे, ते इफ्तारनंतर वाढवता येते.

या भांड्याचा जन्मही एका धार्मिक बंधनातून झाला आहे. ज्यू धर्मात शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या संध्याकाळपर्यंत विस्तव पेटवायचा नसतो. पूर्व युरोपातल्या ज्यू बायका शुक्रवारी दुपारी मांस, घेवडा आणि धान्याचे भांडे गावच्या बेकरीत देत आणि विझत्या भट्टीच्या ऊबेवर ते रात्रभर शिजे. आपल्याकडे ईदच्या आधी नानकटाईचे पत्रे बेकरीत देतात, तसेच काहीसे. या पदार्थाचे नाव चोलेंट. आईकडून ऐकलेल्या या चोलेंटच्या गोष्टीवरून आयर्विंग नॅक्सन या अमेरिकी अभियंत्याने विजेचे भांडे बनवले. त्याला 1940 मध्ये पेटंट मिळाले आणि 1971 मध्ये ते क्रॉक-पॉट या नावाने घरोघरी पोहोचले. शनिवारचा विसावा महाराष्ट्राला नवा नाही. कोकणातले बेने इस्रायली तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत.

दिल्ली-लखनौची निहारी याच जातीची. ‘नहार’ म्हणजे दिवस, सकाळ. डेग रात्री चढवायची आणि पहाटे उतरवायची. तरावीहची नमाज आटोपून रात्री साडेदहाला स्लो कुकर लावला तर सेहरीला चापा तयार मिळतात, हिशेब अगदी तोच. फक्त सेहरीला इतके मसालेदार खाऊन दिवसभर तहान ओढवून घ्यावी का, हे ज्याने त्याने ठरवावे. सकाळी कामाला निघण्यापूर्वी मांस परतून ठेवले आणि दुपारी घरातल्या कोणीही, अगदी कॉलेजातल्या मुलानेही, बटण दाबले तर इफ्तारनंतरच्या जेवणाची चिंता मिटते. असरनंतर बाईला कुराण वाचायला, नाहीतर नुसते पाठ टेकायलाही वेळ मिळतो.

अडचण विजेची. भांडे लावून सगळे बाहेर असताना वीज किती वेळ गेली होती हे कळले नाही, तर जीव कितीही तुटला तरी ते मटण टाकून द्यावे. कोमट भांड्यात जंतू झपाट्याने वाढतात. घरी असाल तर लगेच गॅसवर चढवून शिजवून घ्यावे. फ्रीजरमधले गोठलेले मांसही थेट घालू नये, आणि गरम मातीचे भांडे थंड नळाखाली धरू नये, तडकते. ज्यांच्याकडे हे यंत्र नाही त्यांनी जाड बुडाचे पातेले तव्यावर ठेवावे, झाकणाच्या कडा कणकेने लिंपाव्यात आणि गॅस अगदी बारीक करून अडीच-तीन तास विसरावे. पाणी मात्र थोडे जास्त घालावे. खाली उरलेल्या घट्ट रश्श्यात दुसऱ्या दिवशी तांदूळ शिजवला तर त्याला वेगळा मसाला लागत नाही.