माहेरी राहिलेला कागद

कलघटगीचे नाव निघाले की बाहेरगावच्या माणसास प्रथम आठवतो तो इथला रंगीत लाकडी पाळणा, कन्नडमधला ‘तोट्टील’. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे आणि बाळाबरोबर पाळणाही सासरी यावा, ही आपल्याकडील जुनी रीत. तिच्याविषयी माझी तक्रार नाही. मात्र पहिली प्रसूती सिझेरियनने झाली असेल, तर रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड बहुधा माहेरीच राहते.

काही वर्षांपूर्वी तालुक्यातील एका खेड्यातून एक तरुणी पाचव्या महिन्यात तपासणीस आली. पोटावर आडवा व्रण, कडेवरचे मूल जेमतेम वर्षाचे. कागद विचारला, तर ‘माहेरी आहे’ म्हणाली. ‘पुढच्या खेपेस आणा’ एवढे सांगून मी पुढील रुग्णाकडे वळले. ती पुढची खेप उगवली नवव्या महिन्यात, रात्री. दुपारपासून घरी कळा येत होत्या. “बाई, मघापासून कळा थांबल्यात बघा, जरा आराम पडलाय,” असे सासूबाई समाधानाने सांगत होत्या. मी नाडी पाहिली. ती १३० होती. रक्तदाब उतरलेला, बाळाचे डोके वर सरकलेले, हृदयाचे ठोके मिळेनात. सलाईन लावले, हुबळीस दूरध्वनी करून शस्त्रक्रियागृह आणि रक्त तयार ठेवण्यास सांगितले, आणि रुग्णवाहिकेत मीही बसले. तीसेक किलोमीटरचा तो रस्ता आजही मला लांब वाटतो.

गर्भाशय जुन्या शिवणीवर उसवले होते. आई वाचली, बाळ गेले. पुढे तिच्या भावाने कागद आणून दिला. पहिले मूल मुदतीपूर्वी, पोटात आडवे असताना काढलेले, आणि गर्भाशयावर उभा छेद घेतलेला. कातडीवरचा व्रण आडवा होता, म्हणून आतलाही तसाच असेल असे मी गृहीत धरले होते. अशा स्त्रीस कळा सुरू होण्याआधीच शस्त्रक्रिया करावयास हवी होती.

एकदा सिझेरियन झाले की पुढे सिझेरियनच, हे मत न्यूयॉर्कच्या डॉ. एडविन क्रेगिन यांनी १९१६ साली मांडले, तेव्हा उभा छेदच प्रचारात होता. आता बहुतेक ठिकाणी गर्भाशयाच्या खालच्या, पातळ भागावर आडवा छेद घेतात. त्यानंतर नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केल्यास शिवण उसवण्याचा धोका दोनशे जणींत सुमारे एकीस असतो, आणि योग्य निवड केलेल्या चारांपैकी तिघींना यश येते. अर्थात हे तातडीच्या शस्त्रक्रियेची सोय आणि रक्त हाताशी असेल तेथेच, घरी नव्हे. दोन प्रसूतींतील अंतर दीड वर्षाहून कमी असेल, तर धोका वाढतो. कळा आणण्याच्या औषधांनीही तो वाढतो. बाळाचे ठोके बिघडणे ही बहुधा पहिली खूण असते. दुखणे आणि रक्तस्राव कधी मागाहून दिसतात, आणि कळा एकाएकी थांबणे हे समाधानाचे कारण नव्हे.

मग प्रत्येक वेळी सिझेरियनच का करू नये, असे आप्त विचारतात. त्याचीही किंमत आहे. वार जुन्या शिवणीवर बसून आत रुतू शकते. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, वार खाली असलेल्या स्त्रियांपैकी दुसऱ्या सिझेरियनच्या वेळी ११ टक्के आणि तिसऱ्या वेळी ४० टक्के जणींची वार अशी रुतलेली आढळली. अशा वेळी प्राण वाचविण्यासाठी कित्येकदा गर्भाशयच काढावे लागते. बाळाचे म्हणाल, तर विनाकारण ३९ आठवड्यांपूर्वी काढलेल्या बाळास श्वासाचा त्रास अधिक होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कर्नाटकातील शंभर प्रसूतींमागे ३१ हून अधिक सिझेरियन नोंदली गेली. म्हणजे हा प्रश्न आता घरोघरचा आहे.

आमच्या व्यवसायबंधूंना एकच विनंती. कार्डावर नुसते ‘एलएससीएस’ लिहून थांबू नये. छेद कोणता, तो कोठवर वाढला, शस्त्रक्रिया कोणत्या कारणाने केली आणि पुढील प्रसूतीबाबत सल्ला काय, हे सुवाच्य लिहावे. वाचकहो, त्या कागदाची एक प्रत सासरीही ठेवावी, आणि तपासणीच्या पहिल्याच दिवशी वाराची जागा सोनोग्राफीत केव्हा पाहणार हे विचारावे.

ती तरुणी तीन वर्षांनी पुन्हा आली. दिवस राहण्यापूर्वीच आली, आणि सोबत सासूबाई होत्या. पिशवीतून दोन्ही शस्त्रक्रियांचे कागद सासूबाईंनीच काढून माझ्या मेजावर ठेवले.