अनुकूलन : संज्ञा आणि व्यवहार

हवामान बदलाविषयीच्या लेखनात ‘उपशमन’ आणि ‘अनुकूलन’ या दोन संज्ञा आपणांस वारंवार आढळतील. हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटवणे म्हणजे उपशमन. जो बदल आता टळणारा नाही, त्याची झळ कमी बसावी म्हणून शेती, पाणी व राहणीमानात फेरबदल करणे म्हणजे अनुकूलन. या उत्सर्जनात विकसनशील देशांतील कोरडवाहू शेतकऱ्याचा वाटा नगण्य, झळ मात्र त्यालाच अधिक. म्हणून अनुकूलनासाठी अर्थसाहाय्याचा प्रश्न उपस्थित होतो.

आपल्या परिसरातील उदाहरण पाहू. जागतिक बँकेने २०१८ मध्ये मंजूर केलेल्या ४२ कोटी डॉलर कर्जातून ‘नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प’ १५ जिल्ह्यांत राबवला गेला. त्यांत छत्रपती संभाजीनगरसह मराठवाड्याचे आठही जिल्हे होते. शेततळे हा त्यातील एक घटक.

पावसाचे वाहून जाणारे पाणी शेततळ्यात साठवून पावसाच्या खंडात पिकास दिले, तर ते अनुकूलन होय. परंतु विहीर वा कूपनलिका उपसून प्लास्टिक अस्तराचे तळे भरले, तर भूजल उघड्यावर येऊन त्याचे बाष्पीभवन होते आणि शेजाऱ्याची विहीर लवकर आटते. दोन्ही तळी दिसायला सारखीच. परिणाम मात्र परस्परविरुद्ध. दुसऱ्या प्रकारास ‘विपरीत अनुकूलन’ म्हणता येईल.

तेव्हा अशा योजनेचा अहवाल वाचताना तळ्यांची संख्या पाहून थांबू नका. पाणी कोठून आले आणि कोणाचे कमी झाले, हेही तपासा.

स्वाध्याय : आपल्या गावातील एक शेततळे पाहा. त्यास ‘अनुकूलन’ ही संज्ञा लागू पडते का, ते पाच ओळींत सकारण लिहा.