‘बोलेल उशिरा’ म्हणत किती दिवस थांबायचे?

अडीच वर्षांचे मूल अंगणवाडीत कोपऱ्यात बसलेले असते. बाकीची मुले बडबडगीतावर टाळ्या वाजवतात. हे मात्र बाटलीचे झाकण फरशीवर गरगर फिरवण्यात दंग. अंगणवाडीताईंनी तीनदा हाक मारली तरी मान वर होत नाही, पण बिस्किटाच्या पुड्याचा आवाज आला की लगेच बघते. घरी विषय निघाला की आजी म्हणते, “याचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता.” कोणी दृष्ट काढायला सांगते, कोणी नवस बोलायला. परभणी तालुक्यातील झरी असो की मराठवाड्यातील दुसरे कुठले गाव, हे सल्ले मायेपोटीच दिलेले असतात. पण त्यांत दोन-तीन वर्षे निघून जातात आणि मेंदूच्या वाढीच्या दृष्टीने नेमकी तीच वर्षे मोलाची असतात.

असे प्रत्येक मूल स्वमग्न असतेच असे नाही. काही मुलांना ऐकू कमी येते, काहींची भाषा खरोखरच उशिरा फुटते, काहींचा एकूण बौद्धिक विकास मंद असतो. म्हणूनच तपासणी हवी. स्वमग्नता म्हणजे ऑटिझम हा मेंदूच्या विकासातील वेगळेपणा आहे. नजरेला नजर देणे, बोटाने दाखवणे, आपला आनंद दुसऱ्याला सांगणे या गोष्टी या मुलांना आपोआप जमत नाहीत. तीच ती कृती पुन्हा पुन्हा करण्याकडे त्यांचा ओढा असतो. काहींना मिक्सरचा आवाज किंवा कपड्याचा स्पर्शही सहन होत नाही.

लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ मध्ये अशा ११ मुलांचे वर्णन केले. पुढे काही वर्षे ‘आईच्या थंड वागण्यामुळे असे होते’ हा समज पसरला. तो खोटा ठरला, तरी आपल्याकडे घराघरांत दोष आजही आईच्याच माथी येतो. तिने गरोदरपणात काय खाल्ले, ती शेतात कामाला का गेली, तिने मोबाईल का दिला, असे प्रश्न विचारले जातात. आईवडिलांच्या वागण्यामुळे स्वमग्नता येत नाही. लसीमुळेही येत नाही. तसा दावा करणारा १९९८ मधील शोधनिबंध ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला.

ही अडचण विरळ नाही. उत्तर गोव्यासह देशातील पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली होती. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे आठपैकी एका मुलाला स्वमग्नता, फिट्स, सेरेब्रल पाल्सी, श्रवणदोष, बौद्धिक मंदत्व किंवा शिकण्यातील अडचण यांसारखा किमान एक त्रास होता. स्वमग्नतेचे प्रमाण साधारण शंभरात एक होते.

मग झरीतल्या आईने जायचे कुठे? वाट अंगणवाडीतूनच सुरू होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच, पालघर येथून झाली. त्यानुसार आरोग्य पथकाने अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी करायची असते. जन्मजात दोष, आजार आणि जीवनसत्त्वांची कमतरता यांबरोबर विकासातील विलंबही या तपासणीत येतो. संशय आल्यास मुलाला जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. तेथील तपासणी व उपचार मोफत असतात.

मात्र पथकाला एका दिवसात अनेक मुले पाहायची असतात. शांत बसलेले मूल ‘गुणी’ म्हणून सहज निसटते. म्हणून आईनेच नेमके सांगितले पाहिजे. वर्षाचे झाले तरी नावाने हाक मारल्यावर वळत नाही, दीड वर्षाचे झाले तरी हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, दोन वर्षांचे झाले तरी ‘पाणी दे’सारखे दोन शब्द जोडत नाही, येत असलेले शब्द बोलायचे थांबले, यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या फेरीची वाट न पाहता दवाखाना गाठावा. सर्वांत आधी कानांची तपासणी करावी. पुड्याच्या आवाजाला मूल बघते म्हणून त्याला सगळे नीट ऐकू येते, असे समजू नये.

निदान झाल्यावर खरी अडचण उभी राहते. वाणी-उपचारतज्ज्ञ शहरात. दर आठवड्याला तिकडे जायचे तर एसटीचे भाडे आणि एका दिवसाची मजुरी जाते. दोन-तीन फेऱ्यांनंतर जाणे थांबते.

या अडचणीवर गोव्यात एक उपाय तपासला गेला. तेथील ‘संगत’ या संस्थेने आणि पाकिस्तानातील रावळपिंडीच्या सहकाऱ्यांनी ६५ स्वमग्न मुलांवर केलेला अभ्यास २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त प्रसिद्ध झाला. उपचार देणारे तज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेले कार्यकर्ते होते. ते आई किंवा वडील मुलाशी खेळत असतानाचे चित्रीकरण करत आणि मग दोघे मिळून ते पाहत. मुलाने क्षणभर वर पाहिले ते कुठे, आईने घाईने पुढचा प्रश्न विचारला तो कुठे, हे आईलाच दिसू लागे. अशी १२ सत्रे झाली. त्याशिवाय घरी रोज सराव.

परिणाम असा की पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुले आपणहून जास्त वेळा संवाद सुरू करू लागली. मुले ‘बरी’ झाली असा दावा अभ्यासाने केला नाही आणि सगळ्याच बाबतींत सुधारणाही दिसली नाही. पण तज्ज्ञ दूर असले तरी मदत घरापर्यंत पोहोचू शकते, हे त्यातून दिसले.

त्यामागचे तत्त्व साधे आहे. मूल झाकण फिरवत असेल तर ते हिसकावून ‘हे काय, सांग बरं?’ असे विचारू नये. त्याच्यासमोर जमिनीवर बसावे, आपणही एक झाकण फिरवावे आणि ‘फिरलं!’ एवढेच म्हणून थांबावे. मनातल्या मनात पाच आकडे मोजावेत. मुलाने बघितले, हसले, हात पुढे केला, तर तेच त्याचे बोलणे समजून लगेच प्रतिसाद द्यावा. यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. शेंगा फोडताना, भाकरी थापताना, शेळीला पाला घालतानाही हे जमते. रोज अर्धा तास पुरे. मात्र त्या वेळी टीव्ही-मोबाईल बंद हवा. बाबांनी आणि आजीनेही ही पद्धत शिकून घेतली तर एकट्या आईवर भार पडत नाही.

घरचा सराव म्हणजे तज्ज्ञाला पर्याय नव्हे. फिट्स येत असतील तर डॉक्टरांचे औषध नियमित हवे; सेरेब्रल पाल्सीत फिजिओथेरपी हवी. स्वमग्नता पूर्ण घालवणारे औषध नाही. स्टेम सेलसारखे लाखोंचे उपचार स्वमग्नतेसाठी मान्यताप्राप्त नाहीत. त्यासाठी शेत गहाण टाकू नये.

स्वमग्नतेचा समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत आहे. प्रमाणपत्रात ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असल्यास ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. प्रमाणपत्र घेतल्याने मुलावर शिक्का बसेल, या भीतीने अनेक घरे ते टाळतात आणि मुलाच्या हक्काच्या सवलती हातच्या जातात.

आजीचे म्हणणे कधी खरेही ठरेल आणि मूल उशिरा का होईना बोलू लागेल. तसे झाले तर तपासणी केल्याने काहीच बिघडलेले नसते. तसे झाले नाही, तर मात्र वाट पाहण्यात गेलेली वर्षे परत मिळत नाहीत.