सोबतीची शाळा, लेखांक ७ : ‘सुधारणा अपेक्षित’ हे ध्येय नव्हे

गेल्या लेखांकात मुलाची तपासणी कशी होते ते पाहिलं. तपासणीचा अहवाल हाती आला की आईवडील तो फोल्डरमध्ये घालतात, एक झेरॉक्स शाळेत देतात आणि आता शाळा काहीतरी करेल म्हणून थांबतात. शाळेला वाटतं, मूल केंद्रात जातंय, तिथे बघतील. अशी वर्षं निघून जातात. मूल कुठे अडतं एवढंच अहवाल सांगतो. उद्यापासून त्याला कोण, केव्हा, काय आणि कसं शिकवणार हे ज्या कागदावर येतं तो कागद वेगळा. वैयक्तिक शैक्षणिक योजना असं त्याचं पूर्ण नाव. शाळांतून सगळे ‘आयईपी’ म्हणतात.

आज तो कागद लिहूनच बघू. जागा घेऊ भोपाळमधलं अयोध्या नगर. १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, पिपलानीच्या बाजूला कारखाना आणि वसाहत उभी राहिली, आणि नोकरीनिमित्त आलेली कितीतरी मराठी घरं इथलीच होऊन गेली. त्यांची नातवंडं आज या भागातल्या शाळांत आहेत. पिपलानीलाच खजुरी कलां रस्त्यावर दिव्यांगांसाठीचं केंद्र सरकारचं संयुक्त क्षेत्रीय केंद्र, म्हणजे सीआरसी, आहे. तेव्हा तपासणीसाठी अयोध्या नगरातून फार लांब जावं लागत नाही. घोडं पेंड खातं ते त्यानंतर.

समजा, इथल्या एका खाजगी शाळेत तिसरीतली एक मुलगी आहे. घरी मराठी, गल्लीत हिंदी, दप्तरात बहुतेक पुस्तकं इंग्रजी. (ही कुणी एक मुलगी नाही, अशा अनेक मुलांच्या अडचणींवरून ती उभी केली आहे.) गोष्ट सांगितली की तिला सगळी कळते. हिशेब तोंडी पटकन करते. वाचायला दिलं की मात्र अडखळते. भ आणि म, घ आणि ध यांत गोंधळते. सर्वांत जास्त फसते पहिल्या वेलांटीवर. ते साहजिक आहे, कारण ‘कि’मधली वेलांटी लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर. वाचनाच्या तासाला तिला हमखास पाणी प्यायला जायचं असतं.

अशा मुलीच्या योजनेत पुष्कळदा असं लिहिलेलं सापडतं : ‘वाचन-लेखनात सुधारणा अपेक्षित. आत्मविश्वास वाढवणे. वैयक्तिक लक्ष देणे. पालकांनी घरी सराव घ्यावा.’ यातलं एकही वाक्य खोटं नाही, पण एकही उपयोगाचं नाही. यातलं वाक्य दुसऱ्या कुठल्याही मुलाच्या कागदावर चिकटवलं तरी चालेल, हीच त्याची कमतरता. सुधारणा झाली की नाही हे ठरवायचं कशावरून? लक्ष द्यायचं कुणी, चाळीस मुलांच्या वर्गात कोणत्या वेळी?

योजनेची सुरुवात ध्येयानं करू नये. आधी मूल आज कुठे आहे ते लिहावं, आणि तेही बघून, मोजून. आपल्या मुलीबद्दल असं लिहिता येईल : ‘दुसरीच्या हिंदी पुस्तकातला, जोडाक्षरं नसलेला उतारा वाचताना एका मिनिटात १८ शब्द बरोबर वाचते. दर दहा शब्दांत साधारण तीन चुका, त्यांतल्या बहुतेक पहिल्या वेलांटीच्या. तोच उतारा वाचून दाखवला तर पाचही प्रश्नांची उत्तरं तोंडी बरोबर देते.’ शेवटचं वाक्य फार मोलाचं आहे. अडचण समजण्यात नाही, अक्षरं उकलण्यात आहे, हे त्यातून कळतं. विज्ञानाची परीक्षा तिची तोंडी का घ्यावी याचं कारणही तिथेच मिळतं.

मग ध्येय : ‘सप्टेंबरअखेर, त्याच पातळीचा न पाहिलेला उतारा मिनिटाला ३० शब्द बरोबर वाचेल, दहा शब्दांत एकापेक्षा जास्त चूक नसेल, लागोपाठ तीन शुक्रवारी हे दिसेल.’ त्याखाली काम : ‘मंगळवार ते शुक्रवार, प्रार्थनेनंतरची १५ मिनिटं, वर्गशिक्षिका. वेलांटीच्या शब्दांच्या पट्ट्या : आधी ऐकून अक्षरं सुटी करणे, मग पट्टीवर जुळवणे, मग वाचणे, शेवटी लिहिणे. शुक्रवारी एका मिनिटाचं वाचन, आकडा वहीत.’ त्याखाली वर्गात लगेच करायचे बदल : ‘इतर विषयांचे मोठे उतारे कुणीतरी वाचून दाखवेल. फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी छापील कागद मिळेल. तयारीला वेळ दिल्याशिवाय सर्वांसमोर वाचायला उभं करणार नाही.’ हा शेवटचा मुद्दा मुलीला विचारूनच लिहिता येतो. आठ वर्षांच्या मुलीला आपल्याला काय नको आहे ते नीट सांगता येतं, पण योजना लिहिताना तिला विचारणारे फार थोडे.

एका वेळी दोन-तीन ध्येयं पुरेत. बारा ध्येयांची योजना कुणीच पाळत नाही.

आता भाषेचा प्रश्न. मराठी मुलखाबाहेरच्या मराठी घरांत तो हमखास येतो. मुलगी इंग्रजीतच अडते की हिंदीतही? आणि मराठीत? फक्त इंग्रजीत अडत असेल तर कदाचित तिला इंग्रजी नीट शिकवलंच गेलेलं नाही. घरच्या भाषेतही अक्षरं उकलत नसतील तर वाचनअक्षमतेचा विचार करायला हवा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं ‘डाली’ नावाची चाचणी तयार केली आहे; ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे. भोपाळमधल्या मराठी आईवडिलांनी तपासणीच्या वेळी घरची भाषा आवर्जून सांगावी आणि मराठीतूनही तपासता येईल का, असं विचारावं.

इथे एक सल्ला वारंवार दिला जातो : ‘घरी मराठी बोलणं बंद करा, मुलाचा गोंधळ होतो.’ हा सल्ला मानू नये. घरात दोन भाषा असल्यानं वाचनअक्षमता येत नाही, स्वमग्नताही येत नाही. असा सल्ला पाळणाऱ्या घरात मुलगी आणि आजी यांच्यातलं बोलणं तेवढं आटतं, आणि जिला गोष्टी ऐकून एवढं समजतं तिच्या गोष्टीच बंद होतात. उलट, मराठी आणि हिंदीची लिपी एकच. ‘दिवस’ ही पट्टी आजीनं मराठीत वाचून घेतली तर ती शाळेतल्या हिंदीलाही लागू पडते. योजनेत ‘घरी सराव’ एवढंच न लिहिता ‘आजी, संध्याकाळी १० मिनिटं, मराठी गोष्टीचं जोडीनं वाचन’ असं लिहावं.

शाळा म्हणेल, आम्हाला हे बंधनकारक आहे का? २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात आयईपी हा शब्द नाही. पण कलम १६मध्ये मुलाच्या गरजेनुसार वैयक्तिक आधार, शिकण्यातली अक्षमता लवकरात लवकर ओळखून योग्य अध्यापन, आणि प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या प्रगतीवर देखरेख, हे सगळं आहे. कलमात अनुदानितच नाही, तर सरकारमान्य शाळाही येतात. म्हणजे खाजगी शाळा त्यातून सुटत नाहीत. योजना लिहिल्याशिवाय ही देखरेख कशी करणार, असं आपण विचारू शकतो. प्रमाणपत्राची वाट पाहायचीही गरज नाही. परीक्षेतल्या सवलतींना प्रमाणपत्र लागतं. वर्गात छापील कागद द्यायला कुणाचा शिक्का लागत नाही.

सरकारी शाळांची अडचण निराळी आहे. मध्य प्रदेशात विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी एमआरसी, म्हणजे मोबाइल स्रोत सलाहकार, असतात आणि एकेकाकडे पुष्कळ शाळा असतात. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली रजनीश कुमार पांडे खटल्यात प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. मार्च २०२५मध्ये राज्यांना ही पदं मंजूर करून जाहीर करायला सांगावं लागलं. ती भरली जातील तेव्हा जातील. तोवर योजना अशी लिहायला हवी की वर्गशिक्षिकेला ती एकटीनं चालवता येईल. एमआरसी आले की त्यांनी पद्धत दाखवावी, शुक्रवारचे आकडे बघावेत आणि पुढचं पाऊल ठरवून द्यावं.

अमेरिकेत १९७५पासून अशी योजना हा मुलाचा कायदेशीर हक्क आहे, तरी तिथेही पोकळ योजना लिहिल्या जातात. कोलोरॅडोतल्या एका स्वमग्न मुलाच्या योजनेत वर्षानुवर्षं जवळपास तीच ध्येयं उतरवली जात होती. आईवडील न्यायालयात गेले. २०१७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं की नाममात्र प्रगती पुरेशी नाही. त्या मुलाची परिस्थिती पाहून त्याला पुढे नेईल अशी योजना हवी. एन्ड्रू एफ. या नावानं हा खटला ओळखला जातो. भारतात तो बंधनकारक नाही. पण गेल्या वर्षीची योजना यंदाच्या शेजारी ठेवून बघणं आपल्यालाही जमतं. तारीख सोडून बाकी सगळं तेच असेल तर बैठकीत तेवढं एक दाखवलं तरी पुरे.

बैठकीत पालकांनी भीड ठेवू नये. ‘मॅडम, हे नेमकं कोण घेणार? ती रजेवर असली तर? तीन महिन्यांनी आपण काय बघणार?’ एवढे प्रश्न शांतपणे विचारावेत, उत्तरं कागदावर येईपर्यंत थांबावं आणि एक प्रत घरी आणावी. मॅडमही बहुधा खूश होतात. ‘लक्ष द्या’ या सूचनेनं त्यांनाही काहीच हाती लागलेलं नसतं.

शुक्रवारचे आकडे चार-पाच आठवडे जिथल्या तिथे राहिले तर ‘मुलगी मेहनत घेत नाही’ असा शेरा लिहू नये. पद्धत बदलावी : पट्ट्यांतले शब्द कमी करावेत, वेळ सकाळची नसेल तर सकाळची करावी, उतारा एक पातळी खाली आणावा. काय बदललं ते तारखेसह लिहावं.

मध्य प्रदेशात नवं सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं, मग उन्हाळ्याची सुट्टी लागते आणि जूनमध्ये वर्ग पुन्हा भरतात. चौथीची नवी बाई, सुट्टीत विसरलेल्या वेलांट्या आणि कपाटात राहिलेली योजना, असं तिहेरी नुकसान याच काळात होतं. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तिसरीच्या आणि चौथीच्या बाईंनी पालकांसोबत अर्धा तास बसावं. पट्ट्या, शुक्रवारची वही आणि योजना चौथीच्या बाईंच्या हाती द्यावी, आणि शेवटचं एका मिनिटाचं वाचन मुलीकडून त्यांच्यासमोर करून घ्यावं.

पुढच्या लेखांकात परीक्षेतल्या सवलती : जास्तीचा वेळ, लेखनिक, भाषेतून सूट, आणि त्यांसाठी लागणारी कागदपत्रं.