डब्यातलं औषध उन्हाने बिघडतं, तसं बर्फानेही

हैदराबादच्या अंबरपेठेला लागूनच काचीगुडा स्टेशन. मे महिन्यात तिथून अजिंठा एक्स्प्रेसने नांदेड-परभणीकडे लग्नाला निघायचं आणि घरात कुणी इन्सुलिन घेणारं असेल, तर बॅगांइतकीच काळजी एका छोट्या डब्याची असते. हल्ली असा डबा घरीच बनवणारे हौशी कारागीरही दिसतात. बहुतेकांची मेहनत खर्च होते ती डबा जास्तीत जास्त गार करण्यावर. गफलत तिथूनच सुरू होते.

‘जितकं गार तितकं चांगलं’ हा सगळ्यांत महागात पडणारा समज. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं, आणि त्यातली खालची मर्यादा वरच्याइतकीच कडक आहे. इन्सुलिन हे प्रथिन आहे. गोठलं की त्याचे रेणू एकमेकांना चिकटू लागतात आणि त्याच्या ताकदीचा भरवसा उरत नाही. वितळल्यावर ते कधी कधी पूर्वीसारखंच दिसतं, म्हणून धोका जास्त. एकदा गोठलेलं इन्सुलिनचं पेन टाकूनच द्यायचं. फ्रीजरमधून नुकताच काढलेला जेल पॅक उणे १५ अंशांच्याही खाली असू शकतो. त्याला टेकलेलं पेन बाहेर रणरणतं ऊन असतानाही गोठू शकतं.

लसीकरणाचं काम करणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. बर्फाचे पॅक थेट डब्यात न टाकता ते आधी टेबलावर ठेवतात. हलवल्यावर आत पाणी खळखळलं की बर्फ शून्य अंशावर आला असं समजायचं आणि मगच पॅक भरायचे. हैदराबादच्याच शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली हेपटायटिस-बीची देशी लस बाजारात आणली. या जातीच्या लशीत ॲल्युमिनियमचा क्षार असतो. लस गोठली की त्याच्या गुठळ्या होतात आणि बाटली हलवून ठेवली की त्या भराभर तळाशी बसतात. काही लशींच्या बाटलीवर रंग बदलणारा चौकोन असतो, पण तो फक्त उष्णतेचा हिशेब ठेवतो. लस गोठली होती की नाही, हे तो सांगत नाही.

‘प्लग लावला की छोटा फ्रीज तयार’ हेही अर्धसत्य. गाडीच्या १२ व्होल्टवर चालणाऱ्या बहुतेक स्वस्त डब्यांत पेल्टिए चकती असते. विजेने एक बाजू गार आणि दुसरी गरम होते, हे १८३४ सालीच कळलेलं आहे. पण असा डबा साधारणपणे बाहेरच्या तापमानाच्या २० अंश खालीच जातो. बाहेर ४२ असेल तर आत २२. गरम बाजूला हवा मिळाली नाही, म्हणजे डबा बॅगेत कोंबला, की तेवढंही नाही. गंमत अशी की तापमान आवरणारा थर्मोस्टॅट नसलेला हाच डबा डिसेंबरात, बाहेर १५ अंश असताना, आतलं औषध गोठवू शकतो. मणिपालच्या ब्लॅकफ्रॉग टेक्नॉलॉजीजने एम्वोलिओ ही बॅटरीवर चालणारी लसपेटी बनवली. तिचं लक्ष्य २ ते ८ अंशांमध्ये थांबणं हे आहे, आणि खरी कारागिरी त्या थांबण्यातच आहे.

पाण्यात भिजवून वापरायच्या पिशव्या माठासारख्या चालतात, त्यामुळे त्यांची मदार हवेवर. ४० अंश आणि २० टक्के आर्द्रतेच्या हैदराबादी दुपारी त्या साधारण २२ अंशांच्या आसपास जाऊ शकतात. तीच पिशवी जुलैत रत्नागिरीला नेली तर दोन-तीन अंशांचाच फरक पडेल. २ ते ८ अंश त्या कुठेच गाठत नाहीत. मात्र वापरात असलेल्या पेनाला तेवढ्या गारव्याची गरजही नसते.

कारण ‘फ्रीजबाहेर राहिलं की इन्सुलिन संपलं’ हेही खरं नाही. उघडलेलं पेन बहुतेक प्रकारांत ३० अंशांच्या आत सुमारे चार आठवडे चालतं. नेमका आकडा आपल्या पेनाच्या माहितीपत्रकात पाहावा. केनियातल्या दादाब निर्वासित छावणीत तापमान रात्री २५ ते दिवसा ३७ असं हेलकावतं. त्याच चढउतारात चार आठवडे ठेवलेलं इन्सुलिन टिकल्याचं एमएसएफ (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स) ही संस्था आणि जिनिव्हा विद्यापीठ यांच्या २०२१ च्या अभ्यासात दिसलं. मात्र याच्या भरवशावर पेन उन्हातल्या बंद गाडीत सोडू नये, तिथे पारा पन्नाशी ओलांडतो. विमानात औषध केबिनमध्ये आपल्याजवळच ठेवायचं, कारण सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं.

स्वतः डबा बनवणाऱ्याने आधी जाड आवरणावर आणि घट्ट झाकणावर खर्च करावा. सुमारे ६ अंशांना वितळणाऱ्या टेट्राडेकेनसारख्या मेणाचे पॅक बर्फापेक्षा शहाणे, पण तेही फ्रीजरमध्ये नव्हे, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ३-४ अंशांवर गोठवावेत. फ्रीजरमधून काढले तर तेही पेन गोठवतील. मग कमाल-किमान तापमान नोंदवणारा साधा थर्मामीटर रिकाम्या पेनाला चिकटवून डबा घरातल्या सगळ्यांत गरम खोलीत रात्रभर ठेवावा. सकाळी किमान आकडा २ च्या खाली दिसला, तर पॅक आणि पेन यांच्यामध्ये कापडाची घडी वाढवून पुन्हा तपासावं.