जुना संगणक, नवी प्रणाली

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चे नियमित मोफत साहाय्य थांबविले. रत्नागिरीतील ज्या पेढीवरचा किंवा विद्यार्थ्याच्या घरचा संगणक ‘विंडोज ११’च्या अटींत बसत नाही, त्याने चांगले चालणारे यंत्र भंगारात घालावे काय?

लिनक्स हा दुसरा मार्ग आहे. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा आरंभ केला. ही प्रणाली परवाना-शुल्काविना मिळते आणि तिची मूळ संहिता कोणालाही तपासता येते. केरळच्या शासकीय शाळांत मुक्त प्रणाली वर्षानुवर्षे वापरात आहे. आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ हे पाठ मराठीतही मोफत आहेत. घरी बसून स्वतः शिकता यावे, अशीच त्यांची रचना आहे.

व्यापाऱ्याने मात्र घाई करू नये. हिशेबाचे टॅली विंडोजसाठी बनविलेले आहे. प्रिंटर जुळतो की नाही, हेही पाहावे लागते. म्हणून प्रथम सर्व नोंदींची प्रत वेगळी ठेवावी, लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून पाहावे आणि मग केवळ पत्रव्यवहाराचा एक संगणक बदलावा. पेढीवरील मुनीमजी व घरातील विद्यार्थी यांनी तो एकत्र हाताळला, तर खर्च वाचेल आणि विद्याही घरातच राहील.