विंचवाचें विष आणि वैद्याची वही

आमच्या धर्मापुरीकडे शेतांतला दगड उचलतांना आधीं विंचू आठवतो. आपत्कालीन वैद्यकाची ओढ असलेल्या विद्यार्थ्यानें म्हणून आपल्याच मराठवाड्यांतील डॉ. हिंमतराव बावसकरांकडे पाहावें. भोकरदन तालुक्यांतील देहेड गांवीं गरीब घरांत जन्मलेले बावसकर नागपुरास वैद्यक शिकले व १९७६ सालीं कोकणांत महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रांत रुजू झाले. लाल विंचू डसलेलें मूल तेथें घामानें डबडबे, त्याचे हातपाय गार पडत, तोंडास फेस येई आणि पाहतां पाहतां तें दगावे. दुसरा एखादा बदलीचा अर्ज करता! बावसकर उशाशीं बसून नाडी, रक्तदाब, श्वास टिपीत राहिले. (आम्ही शिक्षक ‘निरीक्षण’ हा शब्द फळ्यावर लिहितों, एवढेंच.) विषानें रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतें आणि फुप्फुसांत पाणी भरतें, हा क्रम असा ध्यानीं आला. मग आवळलेल्या वाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी त्यांनीं योजिली. १९८६ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें तें काम प्रसिद्ध झालें. २०२२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. गोळी जितकी लवकर, तितका गुण अधिक. म्हणून असा रोगी येतांच ‘विंचू किती वाजतां चावला?’ हें आधीं विचारावयाचें.